तुम्ही विचारलंत म्हणून: वीस किलोमीटर राहिले होते

न्यूझीलंडहून येऊन आम्हाला तीन वर्षं होत आली, तरी प्रश्न काही संपत नाही. आत्याने विचारला, ऑफिसात डबा खाताना विचारला, परवा हळदीकुंकवाला एका बाईंनी हातात वाण ठेवता ठेवता विचारला. मिलफर्ड साउंड, म्हणजे उंच कड्यांमध्ये समुद्र शिरलेली ती प्रसिद्ध जागा, वीस किलोमीटरवर आलेलं असताना तुम्ही परत का फिरलात? आणि त्याला जोडूनच, ग्लेशियर नाही, मिलफर्ड नाही, मग अठरा दिवस तिथे केलंत तरी काय?

आजवर मी सगळ्यांना एकच सांगत आले, की मुलीला बरं वाटत नव्हतं. ते खरं नव्हतं. आता ज्या बाईंनी विचारलं, त्या स्वतः साडेचार वर्षांच्या मुलाला घेऊन न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर गाडीने फिरायला निघाल्या आहेत. त्यांनी माझ्याकडे आमचा प्लॅन मागितला. तो जुना तक्ता त्यांना पाठवायला काढला आणि हात थांबला. म्हणून हे लिहिते आहे.

तो तक्ता मीच केला होता. चार महिने रात्री मुलं झोपल्यावर बसून. सतरा रात्री, अकरा मुक्काम. क्राइस्टचर्च, टेकापो, माउंट कुक, वानाका, क्वीन्सटाउन, ‘ते आनाउ’ (तळ्याकाठचं गाव, ‘ते’ त्याच्या नावातच आहे), मग परत वर येऊन हास्ट खिंडीतून पश्चिम किनारा, फ्रान्झ जोसेफ (तिथलं ग्लेशियर), आर्थर्स पास, पुन्हा क्राइस्टचर्च. एवढे पैसे घालून जायचं, पुन्हा कधी जमेल माहीत नाही, तर काही सुटायला नको, हा विचार. यात चूक काय होतं, असं मला आजही मधूनच वाटतं. दोन पगारातून साठवलेले पैसे होते आणि हिंदुस्थानातून तिथे जायचं म्हणजे वाटेत एक विमान बदलून जवळपास एक दिवस जातो. आठवडाभर एकाच तळ्याकाठी बसायला कोण एवढं लांब जातं?

तक्त्यात एक रकाना थांब्यांचा होता. मिलफर्डच्या दिवसापुढे मी लिहिलं होतं: ‘शू-ब्रेक, २ वेळा, १० मिनिटं.’ माझ्या साडेपाच वर्षांच्या मुलीला कधी लागणार, हे मी ठाण्यात घरी बसून ठरवलेलं होतं.

न्यूझीलंडमध्ये सात वर्षांखालच्या मुलाला गाडीत चाइल्ड सीटमध्ये बांधूनच न्यावं लागतं, तसा कायदा आहे आणि तो योग्यच आहे. पण आपली मुलं प्रवास कसा करतात ते आठवा. बोरघाटात धाकटा मांडीवर, मोठी दोन सीटच्या मधे उभी, ट्रेनमध्ये तर डबाभर फिरणं. पट्ट्यांत अडकून दोन तास हलायचं नाही, ही गोष्ट माझ्या मुलांना विमानातून उतरल्यावर पहिल्यांदा कळली. इथे महिनाभर आधी सीट आणून सवय करायला हवी होती. नकाशावरचे तास मोठ्या माणसांचे असतात. क्राइस्टचर्च ते टेकापो सव्वादोनशे किलोमीटर, नकाशा तीन तास सांगतो. आम्हाला सहा लागले. आणि तरीही मी पुढच्या दिवसांचा एकही आकडा बदलला नाही.

आता तो दिवस.

डिसेंबर होता. तिथे तेव्हा उन्हाळा, आणि ते आनाउ इतकं दक्षिणेला की रात्री साडेनऊपर्यंत लख्ख उजेड. पडदे पातळ. मुलं साडेदहाला झोपली आणि सकाळी उठवता उठेनात. ‘ते आनाउ’पासून मिलफर्ड ११८ किलोमीटर. दोन तास लागतात, पण अडीच-तीन हाताशी ठेवा, असं जो तो सांगतो. आमची बोट साडेअकराची, त्याआधी वीस मिनिटं हजर राहायचं. साडेआठला निघायचं ठरलेलं, निघालो नऊ वीसला. मी पुढच्या सीटवर, मांडीवर फोन, दर पाच मिनिटांनी पोचायची वेळ बघत.

एग्लिंटनची दरी लागली. सपाट पिवळं गवत, दोन्ही बाजूंना सरळ उठलेले डोंगर, आणि मागून लेक म्हणाली, “आई, शू लागली.” मी म्हटलं, “पुढे थांबू.” नॉब्स फ्लॅट नावाच्या जागी शौचालयं आहेत हे मला माहीत होतं, तक्त्यात तोच थांबा होता. तिथे पोचलो तर दोन बस उभ्या आणि बायकांची मोठी रांग. नवऱ्याने गाडी हळू केली, माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, “चल, पुढे थांबू.” दुसऱ्यांदा. थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, आवाज लहान करून. मी मागे न वळता म्हटलं, “बोटीत छान बाथरूम आहे, धर थोडा वेळ.” त्यानंतर ती काही बोलली नाही. मला आठवतंय, मी मनात म्हटलं, किती समजूतदार आहे माझी पोर.

पुढे होमरचा बोगदा येतो. सव्वा किलोमीटरचा, कच्च्या खडकाचा, आत उताराचा. १९३५ मध्ये काही माणसांनी टिकाव-फावड्यांनी सुरू केला आणि गाड्यांसाठी उघडायला १९५४ उजाडलं. मी हे सगळं वाचून ठेवलं होतं मुलांना सांगायला. आत दोन गाड्या सहज बसत नाहीत म्हणून उन्हाळ्यात सिग्नल असतो, एका वेळी एकाच बाजूने सोडतात. आम्ही पोचलो तेव्हा लाल होता. पुढे आठ-दहा गाड्या. वर काळे कडे, त्यावर बर्फाचे पट्टे, बर्फ वितळून पाण्याच्या दोऱ्या सुटलेल्या. आणि किआ आला. हिरवा, कावळ्याहून थोराड असा डोंगरी पोपट, तिथे फार प्रसिद्ध आहे. पुढच्या गाडीच्या टपावर उतरला आणि दाराचं रबर उपसायला लागला. धाकटा आनंदाने किंचाळला. मी लेकीला दाखवायला मागे वळले.

ती पोपटाकडे पाहत नव्हती. दुसऱ्या बाजूच्या काचेकडे तोंड करून बसली होती, दोन्ही हात मांडीखाली घातलेले. मला आधी वास आला, मग दिसलं. सीट, मोजे, नवीन बूट, सगळं. ती म्हणाली, “मी खूप वेळ धरून ठेवली होती, आई.”

मी तेव्हा काय केलं ते लिहायलाच हवं, नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मी घड्याळ पाहिलं. दहा वाजून बावन्न मिनिटं. आणि माझ्या तोंडून निघालं, “आता? अगं, आलोच होतो ना आपण!”

तिने मान हलवली. रडली नाही. घरी ती पेन्सिल हरवली तरी रडते.

सिग्नल हिरवा झाला. पुढच्या गाड्या सुटल्या. नवरा म्हणाला, “तिथे पोचून बदलू कपडे, वीस किलोमीटर तर राहिलंय. जायचं?” मी म्हटलं, “नको. फिरव.” त्याने गाडी बाजूच्या मोकळ्या जागेत घेतली. मी तिथे थंडीत तिला पुसलं, बापाचा स्वेटर गुंडाळला, सीटवर टॉवेल अंथरला, आणि आम्ही ते आनाउला परत निघालो. शंभर किलोमीटर गाडीत कुणीही बोललं नाही. नॉब्स फ्लॅटला आता एकही बस नव्हती.

सासूबाईंना हे फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, पोरीला शू लागली तर गाडी थांबवायची, त्यात एवढं काय?” तेवढंच होतं. त्याहून मोठं कारण माझ्याकडे आजही नाही.

पण फिरलो तो सगळा निर्णय त्या ओल्या सीटमुळे झाला, असंही मी म्हणणार नाही. त्या क्षणी मला स्वतःचा इतका राग आला होता की काहीतरी मोडून टाकावंसं वाटत होतं, आणि हाताशी मिलफर्ड होतं. नवऱ्याचं म्हणणं आजही तेच आहे: कपडे बदलून गेलो असतो तर कदाचित बोट मिळालीही असती, ती नाही तर दुपारची. लेक तासाभरात विसरली असती. धाकट्याचा यात काय दोष होता? नऊशे मीटरच्या वरून थेट समुद्रात उतरणारे कडे त्याने पाहिले असते. गाडी तर इतके दिवस तोच चालवत होता. मी यावर त्याच्याशी भांडले आहे, आणि भांडताना मला माहीत असतं की त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे.

मला खरं कळलं ते दुसऱ्या दिवशी. दुपारी बारा वाजले तरी तिची पाण्याची बाटली भरलेली. सकाळचं दूधही तिने तसंच ठेवलं होतं. ओठ सुकलेले. आम्ही तळ्याकाठच्या बागेत होतो, गाडी लांब लावलेली. मी म्हटलं, पाणी का पीत नाहीस गं? ती झोक्यावरून म्हणाली, “प्यायलं की लागते ना.” अगदी साधेपणाने, जणू मलाच ठाऊक नसलेली गोष्ट समजावून सांगत होती.

त्या रात्री मी तक्ता उघडला आणि पश्चिम किनारा पूर्ण काढून टाकला. हास्ट, फ्रान्झ जोसेफ, आर्थर्स पास. सहा आरक्षणं रद्द केली, दोनाचे पैसे बुडाले. ते आनाउला एकूण सहा रात्री राहिलो. मग त्याच रस्त्याने परत, दिवसाला दोन तासांच्या वर गाडी नाही, टेकापोला चार रात्री.

काय केलंत विचारता, तर हे केलं. ते आनाउला तळ्याच्या काठी एक छोटं पक्षी अभयारण्य आहे. तिथे ताकाहे असतो, निळ्या-हिरव्या अंगाचा, लाल चोचीचा, कोंबडीहून मोठा, उडू न शकणारा पक्षी. तो नामशेष झाला असं सगळे धरून चालले होते आणि १९४८ मध्ये त्याच तळ्याच्या पलीकडच्या मर्चिसन डोंगरांत पुन्हा सापडला. आम्ही तो चार दिवस रोज पाहिला. तिसऱ्या दिवशी मुलं त्याला आपल्या पक्ष्यासारखी हाक मारायला लागली. हॉलिडे पार्कच्या सामायिक स्वयंपाकघरात मी मुगाची खिचडी टाकायची आणि मेतकूट काढायची. (मेतकूट आणि गोडा मसाला विमानतळावर फॉर्मवर लिहून दाखवा. लिहिलं तर पाहून सोडतात किंवा ठेवून घेतात, लपवलं तर ४०० डॉलर दंड.) तिथल्या पाच डॉलरच्या नोटेवर एडमंड हिलरी आणि माउंट कुक आहेत. ती नोट घेऊन लेक परतीच्या वाटेवर पुकाकी तळ्याकाठी अर्धा तास उभी राहिली, नोटेतला डोंगर आणि समोरचा डोंगर जुळवत. ढग होते, दिसत नव्हता. आम्ही दिसेपर्यंत थांबलो. तक्त्यात तिथे फोटोसाठी पाच मिनिटं होती.

आता हळदीकुंकवाच्या बाईंसाठी, कारण त्यांना खरोखर प्लॅन हवा आहे. गाडीच्या दिवशी वेळेचं तिकीट काढू नका, बोट असो की ट्रेन. एका जागी तीन रात्रींपेक्षा कमी राहू नका. खिडक्यांना लावायला काळा कागद आणि चिकटपट्टी न्या, तिथली उन्हाळ्याची संध्याकाळ मुलांना झोपू देत नाही. कॅम्पर व्हॅनमध्ये शौचालय असतं म्हणून फसू नका, गाडी चालू असताना मूल बांधलेलंच असतं, थांबावं लागतंच. मिलफर्डला जायचंच असेल तर आदल्या रात्री शक्य तितक्या जवळ राहा आणि नॉब्स फ्लॅटला थांबा. रांग असली तरी थांबा.

एक प्रश्न तुमच्यापैकी फक्त एकीने विचारला, आणि तो सगळ्यात टोचला. ते आनाउला त्यानंतरही पाच दिवस होतात, मग एखाद्या दिवशी निवांत का नाही गेलात? दोन दिवस पाऊस लागून राहिला, हे खरं. मिलफर्डला वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पण चौथ्या दिवशी आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. नवऱ्याने सकाळी विचारलं, बोट-बिट काही नको, नुसतं जाऊन येऊ, हवं तिथे थांबत. लेकीने खांदे उडवले. तिची हरकत नव्हती. मी नाही म्हटलं. म्हटलं, तिला पुन्हा त्या रस्त्याने नको. त्या रस्त्याने मला नको होतं.

कुणाचे मिलफर्डचे फोटो आले की मी अजून ते मोठे करून बघते.

लेक आता आठ वर्षांची आहे. पाणी भरपूर पिते. तो प्रवास तिला तुकड्या-तुकड्यांनी आठवतो, ताकाहे, नोट, खिचडीला आलेला धुरकट वास. बोगदा आठवतो का, हे मी कधी विचारलेलं नाही. गेल्या महिन्यात शाळेसाठी जगाचा नकाशा भरत असताना तिने न्यूझीलंडच्या खालच्या टोकावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “आई, इथे ते मिलफर्ड आहे ना? सगळे जातात. आपण का नाही गेलो?”

मी कणीक मळत होते. म्हटलं, “सांगते नंतर.”