दिवाळी पहाट, हमिंग आणि काकांचं पिकअप

दिवाळी पहाटेच्या साऊंडमधली एक भानगड बाहेरच्यांना माहीत नसते. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, हा 2000 सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियम, त्यामुळे कार्यक्रम पहाटेचा असला तरी पहाटे साऊंड चेक करता येत नाही. जो काय आवाज काढायचा तो आदल्या संध्याकाळी, दहाच्या आत. सकाळी अंधारात येऊन आम्ही फक्त हेडफोन लावून एकेक चॅनल येतोय ना ते बघतो आणि सहा वाजले की थेट लोकांसमोर मेन फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची मुख्य सरकपट्टी, वर. रात्रीतून स्टेजवर कोणी काही हलवलं असेल तर ते गायिकेच्या पहिल्या आलापाबरोबर कळतं. आणि हलवतातच. कोणाला समई मध्ये हवी असते, कोणाला स्पॉन्सरचा बॅनर दिसत नसतो.

डोंबिवलीतल्या एका पटांगणातला कार्यक्रम, भावगीतं आणि नाट्यपदं, तबला, हार्मोनियम, कीबोर्ड, साइड रिदम आणि गिटारला काका. काका म्हणजे ऑर्केस्ट्राच्या जमान्यापासून वाजवणारा माणूस, गिटार कलकत्त्याच्या बनावटीची, तेव्हाच घेतलेली, वरचं लाकूड आता मधासारखं पिवळं झालंय. इतकी वर्षं ते माइकसमोर वाजवायचे. पण हल्ली स्टेजवर मॉनिटर, म्हणजे कलाकारांकडे तोंड केलेले स्पीकर, इतके लावतात की गिटारच्या माइकमध्ये गिटार सोडून सगळं येतं, म्हणून पुतण्याने त्यांना ऑनलाइन एक साऊंडहोल पिकअप, म्हणजे गिटारच्या गोल भोकात बसून तारांचा आवाज थेट वायरमधून देणारा, मागवून दिला आणि काका तो डबा घेऊन माझ्या टेबलावर आले. मी साऊंडबरोबर गिटारची दुरुस्तीही करतो.

त्यांच्या अटी ठरलेल्या होत्या. गिटारला भोक पाडायचं नाही. बॅटरी नको, "ऐन गाण्यात सेल संपला तर मी काय तोंडाने वाजवू?" आणि कार्यक्रम झाला की काढून ठेवता आला पाहिजे. पहिल्या अटीतच सॅडलखालचा (खाली तारा टेकतात ती पट्टी) पिएझो, म्हणजे दाबावर चालणारा पिकअप, बाद, त्याला सॅडलच्या खाचेत काम करावं लागतं आणि मागे जॅकसाठी साधारण 12 मिमीचं भोक. दुसऱ्या अटीत फिशमनचा रेअर अर्थसारखे अ‍ॅक्टिव्ह पिकअप बाद, त्यात बटण सेल लागतात. (अ‍ॅक्टिव्हवाल्यांसाठी जाता जाता सांगतो, बऱ्याच पिकअपमध्ये साधा मोनो जॅक घातला की त्यानेच बॅटरीचं सर्किट पूर्ण होतं. स्टिरिओ केबल घालून "पिकअप मेला" म्हणत येणारे मला दर सीझनला भेटतात.) मग राहतो साधा पॅसिव्ह, म्हणजे बिनबॅटरीचा, मॅग्नेटिक, दोन स्क्रूंनी भोकाच्या कडेला पकडणारा. पुतण्याने तोच आणला होता, सिंगल कॉइल. पोरगा हुशार आहे, फक्त सिंगल कॉइल म्हणजे काय ते त्याला माहीत नव्हतं: एकच कॉइल, ती तारेबरोबर आजूबाजूच्या विजेची घरघरही उचलते.

बसवणं सोपं दिसतं, पण भोक हल्लीच्या गिटारीत साधारण 100 मिमीचं असतं आणि काकांचं 98 भरलं, पिकअप बसला पण घट्ट. तिथे जोर लावायचा नाही, कडेचं लाकूड पातळ असतं, आवळत गेलात की पॉलिशला चीर. कॉर्कच्या पट्ट्या घासून पातळ केल्या आणि स्क्रू फक्त हलणार नाही इतपतच पिळले. शेवटच्या पट्टीवर तार दाबून तारेखाली साधारण 3 मिमी अंतर ठेवलं. वायर कडेवरून बाहेर काढून पट्ट्याच्या बटणाला एक वेढा दिला, म्हणजे कोणी केबलवर पाय दिला तर झटका बटणाला बसेल, पिकअपला नाही.

पण खरा वेळ खाल्ला दुसऱ्या तारेने. मॅग्नेटिक पिकअपला लाकूड ऐकू येत नाही, त्याला फक्त लोखंड कळतं. (नायलॉन तारांच्या गिटारवर हे लावणारेही भेटलेत, काहीच वाजत नाही आणि मग दुकानदाराशी भांडतात.) ब्राँझच्या तारांचं वेष्टण त्याला दिसतच नाही, फक्त आतली पोलादी तार दिसते. नेहमीच्या लाइट सेटमध्ये तिसरी तार दिसायला जाड, 24 थाऊ (इंचाचे हजारावे भाग), पण तिच्या आतलं पोलाद दुसऱ्या तारेपेक्षा बारीक. आणि दुसरी तार 16 थाऊ, अख्खी पोलादाची. म्हणजे माइकसमोर गोड वाजणारा पीस पिकअपमधून वाजवला की दुसरी तार मध्येच ओरडून जाते. महागड्या पिकअपमध्ये प्रत्येक तारेखाली वर-खाली होणारे स्क्रू असतात किंवा दुसऱ्या तारेखालचा पोल, म्हणजे चुंबकाचं टोक, आधीच खाली ठेवलेला असतो. ह्यात तसं काही नव्हतं. निकेलच्या वेष्टणाच्या तारा लावल्या तर जाड तारांचा आवाज वाढून बॅलन्स बराच सुधारतो, पण काका म्हणाले ब्राँझ जाणार नाही. मग पातळ तारांच्या बाजूने पिकअप जरा खाली झुकवला आणि उरलेलं काकांनी उजव्या हाताने केलं. अर्ध्या तासात त्यांनी दुसऱ्या तारेवरचा जोर कमी करून घेतला. तरुण मुलं ह्या कामासाठी माझ्याकडे ईक्यू पेडल मागतात.

तर आदल्या संध्याकाळी साऊंड चेक झकास. दोन हॅलोजन भक्क चालू, गिटार डीआयमधून (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारा डबा), डीआयचं इनपुट 1 मेगओहम, आवाज उबदार, एकदम मोकळा. गायिका म्हणाली, "काका, गिटार किती छान येतेय आज." काका खूश. मी तर होतोच.

सकाळी साडेपाचला हेडफोनमध्ये सगळं शांत. मग पावणेसहाच्या सुमारास लाईटवाल्याने त्याचा "पहाट सीन" लावला, 1000 वॉटच्या जुन्या पार कॅन (डब्यासारखे स्टेज लाईट), निळे-केशरी पेपर लावून, डिमर निम्म्यावर, आणि गिटारच्या चॅनलवर झर्रर्र. साधं गोल हमिंग नव्हतं, करवतीचा आवाज. केबल बदलली, तेच. डीआयचा ग्राउंड लिफ्ट, म्हणजे अर्थिंग तोडायचं बटण, दाबला, तेच. मंडळाचे सेक्रेटरी पाठीशी उभे, "काय झालं, काकांची गिटार जुनी झाली का?" मला ह्या वाक्याचा जो राग आला तो अजून गेलेला नाही.

मग मी काकांना म्हटलं, काका, गिटार हातात धरून सावकाश गोल वळा. वळले. प्रेक्षकांकडे तोंड असताना झर्रर्र फुल, हळूहळू तबल्याच्या दिशेने वळले तसा कमी होत गेला, एका जागी जवळजवळ गेलाच, पुढे वळले तर परत सुरू. हेच बघायचं असतं. वळल्याने हमिंग बदललं तर ते कॉइल हवेतून उचलतेय. नाही बदललं तर केबल किंवा अर्थिंगची भानगड. ह्याला पाच रुपयाचंही यंत्र लागत नाही आणि तरी लोक आधी डीआय फेकून देतात.

कारण स्टेजखाली वाकून बघितल्यावर दिसलं. डिमर पॅक डावीकडच्या विंगेत, तिथून पार कॅनपर्यंत सुट्या वायरी, फेज स्टेजच्या पुढून गेलेली आणि न्यूट्रल मागून फिरवून आणलेली. दोन्ही वायरी एकत्र गेल्या असत्या तर त्यांचं चुंबकीय क्षेत्र एकमेकांना बरंचसं मारून टाकतं. सुट्या नेल्या की अख्ख्या स्टेजभोवती एक मोठा वेढा होतो आणि काका बरोबर त्याच्या आत बसलेले. वर डिमर निम्म्यावर, तो सगळ्यात वाईट. डिमर दर अर्ध्या लाटेला, म्हणजे सेकंदाला 100 वेळा, करंट मध्येच चालू करतो, आणि निम्म्यावर असताना तो चालू होतो नेमका लाटेच्या टोकाला, 230 च्या लायनीत तिथे 325 व्होल्टच्या आसपास असतात. तो जो खाडकन झटका बसतो त्याचा आवाज खालपासून वरपर्यंत सगळीकडे पसरतो, मिक्सरवर 50 किंवा 100 हर्ट्झचा तेवढाच स्वर कापून काही होत नाही. पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असेल तर हा झर्रर्र नाही. म्हणूनच संध्याकाळी गप्प होता.

लाईटवाल्याला म्हटलं, दादा, न्यूट्रल ओढून फेजच्या बाजूने घे, नाहीतर सीन फुल कर. तो म्हणाला, "तुमचं साऊंडवाल्यांचं नेहमीचं आहे, आवाज आला की लाईट." आणि फुल केला तर पहाट कशी दिसणार. त्याचंही बरोबर आहे म्हणा, त्याला पैसे त्याचेच मिळतात. पण वायरिंग कोणीही कसंही करायचं आणि निस्तरायचं मात्र साऊंडवाल्याने, हा आमच्या धंद्याचा अलिखित करार आहे.

शेवटी काकांची खुर्ची तबल्याकडे वळवली. निवेदिका म्हणाली, गिटारवाले काका प्रेक्षकांकडे पाठ करून का बसलेत? पाठ नव्हती, बाजू होती. सहाला सुरू केलं. आवाज तिथेही पूर्ण गेला नव्हता कारण वाजवताना माणूस हलतो, म्हणून काका थांबले की माझं बोट त्यांचा फेडर खाली घेणार आणि पीस आला की वर. गेट, म्हणजे आवाज बारीक झाला की चॅनल आपोआप बंद करणारी सोय, लावता आला असता, पण काकांचे आर्पेजिओ, एकेक तार छेडत वाजवलेले स्वर, विरत जातात ते त्याने कापले असते. तासभर मी बाकी मिक्सकडे जवळजवळ बघितलंच नाही.

मग साडेसहानंतर उजाडायला लागलं तसे लाईटवाल्याने पार कॅन हळूहळू उतरवले, झर्रर्र बारीक होत गेला, आणि एका नाट्यपदाच्या मध्यावर त्याने सगळं बंद केलं आणि गिटार एकदम स्वच्छ. सेक्रेटरी लांबून अंगठा दाखवतायत, "आता सेट झालं!" मी काय सांगणार. कार्यक्रम संपल्यावर अर्धं पब्लिक फडके रोडला, दिवाळीत डोंबिवलीकर जमतात तिथे, पळालं आणि एक आजोबा येऊन म्हणाले, सुरुवातीला स्पीकर फाटला होता का.

आठवड्याने काका टेबलावर आले. मी माझ्याकडचा एक हमबकर काढून ठेवला होता. दोन कॉइल, एकमेकींच्या उलट, बाहेरून आलेला आवाज दोघींत उलटसुलट येऊन खपतो, तारेचा राहतो. लावला, ट्यूब लाईटजवळ नेऊन दाखवला, शांत. काकांनी डी मधला त्यांचा नेहमीचा पीस वाजवला, परत वाजवला, आणि म्हणाले, "अरे, ह्याच्यावर चादर घातलीय." आणि मला ऐकू येत होतं ते काय म्हणतायत ते. ह्या दोन कॉइल तारेचा जरा रुंद तुकडा ऐकतात, वरचे स्वर थोडे जातात. सगळेच हमबकर असे नसतात, पण माझ्याकडचा होता. परत सिंगल कॉइल लावला आणि तो मोकळेपणा परत आला.

मी म्हटलं, काका, पाचशे माणसांना तो झर्रर्र ऐकू येतो. ते म्हणाले, "आणि ही चादर त्या पाचशे माणसांना ऐकू येणार नाही, मला येते. मग मी वाजवायचं कोणासाठी?" ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. साऊंडवाला म्हणून मी हमबकरच सांगणार. टेबलावर बसून ऐकलं की मलाही सिंगल कॉइलच आवडतो. माझ्याकडे येणारी मुलं तो प्रसिद्ध अनप्लग्ड आवाज मागतात, 1993 मध्ये निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनने एमटीव्हीच्या 'अनप्लग्ड' कार्यक्रमात वाजवला तो, त्यांना सांगावं लागतं की त्याच्या मार्टिन गिटारच्या भोकातही बार्टोलिनीचा मॅग्नेटिक पिकअपच होता, प्लग होताच. ही मुलं पिकअप घरी बेडरूममध्ये निवडतात, तिथे डिमर नसतो. काकांचं निदान तसं नाही, त्यांनी झर्रर्र ऐकून निवडलंय.

आता ते प्रत्येक हॉलमध्ये लवकर येतात, लाईट लावायला सांगतात, हेडफोन घालून खुर्चीवर बसल्या बसल्या हळूहळू फिरतात आणि आवाज मरतो तिथे खडूने चार पायांच्या खुणा करतात. लाईटवाले वैतागतात. मी एक डमी कॉइल गुंडाळायला घेतलीय, चुंबकाशिवायची, पिकअपच्या खाली उलटी जोडायची, 42 गेजची तार, हातात धरली की दिसतसुद्धा नाही, सारखी तुटते. सिरीजमध्ये लावली की थोडी ट्रेबल तीही खाणार, आणि ते काकांना ऐकू येणार. तुमच्यापैकी कोणी केली असेल तर किती वेढे घेतलेत ते सांगा.