पाटावरचा

कोर्टाच्या कागदांचं मराठीतून इंग्रजी करणं हा माझा धंदा. पैसे पानावर. पान म्हणजे बहुतेकदा झेरॉक्सची झेरॉक्स, आणि हायकोर्टात अपील उद्या सकाळी आहे हे वकिलांना आज संध्याकाळी आठवतं.

त्या दिवशी नाशिककडच्या एका पाटपाण्याच्या दाव्यातली उलटतपासणी आली. जबानीत साक्षीदार कमी बोलतो, टंकलेखक जास्त. 'हे म्हणणे खरे नाही की...' अशी वाक्यामागून वाक्यं. इंग्रजी साचा ठरलेला, हात आपोआप चालतो. मध्येच एक जिवंत वाक्य आलं: 'प्रतिवादी माझा वैरी आहे हे म्हणणे खरे नाही. तो माझ्या पाटावरचा आहे.'

हात थांबला. पाटावरचा म्हणजे ज्याची पाण्याची पाळी माझ्यानंतर लागते, जो रात्री दोनला बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे पाणी वाफ्यात वळवायला येतो, आणि ज्यानं पाणी फोडलं म्हणून मी कोर्टात आलोय तोही. मोबाइलमधल्या भाषांतरानं त्याला लाकडी पाटावर बसवलं. मी 'को-शेअरर ऑफ द चॅनेल' लिहिलं. वकीलसाहेबांनी लाल पेनानं ते खोडून वर लिहिलं, 'रायव्हल'.

"अहो, तो वैरी नाही म्हणतोय ना!"

"भांडतायत ना? मग झालं."

भाषांतर बरोबर असल्याची सही माझी असते, त्यांची नाही. त्यांना तोंडावर दाखवावं म्हणून कोश उघडला, आणि माझीच पंचाईत झाली.

रायव्हल आला लॅटिन 'रिवालिस'वरून. 'रिवुस' म्हणजे ओढा, पाट. रोमन कायदेपंडित उल्पियन सांगतो, एकाच पाटानं पाणी नेणारे ते रिवालेस. आणि सांगतो कुठे, तर त्यांच्यातल्या पाण्याच्या तंट्याबद्दल लिहिताना. सहाव्या शतकात जस्टिनियननं करवून घेतलेल्या संकलनाच्या 43व्या पुस्तकात ते आहे. म्हणजे शब्दशः पाटावरचा! लॅटिनमध्येच एका बाईवर जीव असलेल्या दोघांनाही तो शब्द चिकटला. इंग्रजीत गेल्यावरही जुना अर्थ लगेच मेला नाही. 'हॅम्लेट'च्या पहिल्याच प्रवेशात पहारेकरी आपल्या जोडीदारांना 'रायव्हल्स' म्हणतो. आपण तरी काय वेगळं केलं? भाऊबंदांची भाऊबंदकी झाली, आणि संस्कृतात सपत्नी म्हणजे सवत, तिच्यावरून सपत्न झाला तो सरळ शत्रूच.

वकीलसाहेबांना यातलं काही सांगितलं नाही. चुकून बरोबर आलेल्या माणसाला दाखला कशाला द्या? शिवाय जज आजचं इंग्रजी वाचणार, उल्पियनचं लॅटिन नव्हे. 'रायव्हल' काढलं, 'को-शेअरर' परत घातलं, सही केली.

पण 'को-शेअरर'मध्ये बॅटरी नाही, रात्र नाही, पाणीसुद्धा नाही. सातबाऱ्यावरचं नाव वाटतं ते. 'पाटावरचा' तसाच ठेवून शेजारी दोन ओळींत अर्थ दिला असता तर? हे सुचलं रात्री, कागद मुंबईला निघून गेल्यावर.