ढेरपोट्या टायरॅनोसॉरसची मोजणी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचे डाय (साचे) आणि पॅटर्न (ओतकामाचे नमुने) बनवण्याचे वर्कशॉप आहे. बहुतेक काम फाउंड्र्यांचे असते आणि त्याच्या जोडीला थोडे प्लास्टिकच्या इंजेक्शन मोल्डचे. त्यामुळे राजारामपुरीतले एक दंतवैद्य दोन प्लास्टिकचे डायनोसॉर कापसात गुंडाळून आमच्या टेबलावर ठेवू लागले, तेव्हा साऱ्या शॉपफ्लोअरवरची माणसे हातातले काम सोडून गोळा झाली. आमच्याकडचे सर्वांत जुने पॅटर्नमेकर, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते चष्मा वर सरकवून म्हणाले, "डॉक्टर, ह्यो ढेरपोट्या कोण म्हणायचा?"

डॉक्टरांना राग येण्याऐवजी आनंदच झाला, कारण जगभरचे संग्राहकही या आकृतीला तिच्या पोटावरूनच ओळखतात. अमेरिकेतील लुई मार्क्स या खेळणी कंपनीने १९५५ च्या सुमारास प्लास्टिकचे डायनोसॉर बाजारात आणले, त्यांतला हा टायरॅनोसॉरस. येल विद्यापीठाच्या पीबॉडी संग्रहालयात रुडॉल्फ झॅलिंजर यांनी १९४७ मध्ये पूर्ण केलेले, ११० फूट लांबीचे भित्तिचित्र आहे, आणि त्यातील प्राण्यांचा प्रभाव मार्क्सच्या आकृत्यांवर उघड दिसतो. ताठ उभे शरीर, जमिनीवर टेकलेली शेपटी आणि सुटलेले पोट. आजचे शास्त्र टायरॅनोसॉरसला आडव्या कण्याचा आणि हवेत तोललेल्या शेपटीचा मानते, त्यामुळे हे पोट चुकीचे आहे यात शंका नाही, पण संग्राहकाला हवी असते ती त्या काळाची समजूत, अगदी चुकीसकट. कंपनीने पुढे अंगाने सडपातळ टायरॅनोसॉरस काढला आणि जुन्या पोटाळूची किंमत आपोआप वाढली.

डॉक्टरांची अडचण अशी होती. त्यांच्या संग्रहात असा एक टायरॅनोसॉरस बऱ्याच काळापासून होता आणि तो अस्सल आहे असे ते धरून चालले होते. आता पुण्यातील एका विक्रेत्याने दुसरा नग पसंतीसाठी पाठवला होता, आणि तो घ्यायचा की परत करायचा हे त्याच संध्याकाळपर्यंत कळवायचे होते. नवा नग त्यांच्या नगाशेजारी ठेवला की किंचित मोठा दिसे, आणि म्हणूनच तो नकली असावा असा त्यांचा संशय होता. माझा संशय नेमका उलट्या दिशेला गेला, पण मोजल्याशिवाय बोलायचे नाही ही आमच्या धंद्यातली रीत आहे.

पहिल्यांदा दोन्ही नग एकाच टेबलावर, पंख्याखाली, जेवणाच्या सुट्टीपर्यंत नुसते ठेवून दिले. डॉक्टरांना हा वेळकाढूपणा वाटला. पॉलिथिलीन उष्णतेने बरेच फुगते, शंभर मिलिमीटरच्या तुकड्यात दहा अंशांमागे सुमारे ०.२ मिलिमीटर, आणि एक नग उन्हात उभ्या असलेल्या गाडीतून आलेला होता. नंतर बादलीत पाणी घेऊन दोन्ही नग सोडले, तेव्हा दोन्ही तरंगले. पॉलिथिलीन पाण्यापेक्षा हलके असते आणि पीव्हीसी जड, आणि मूळ खेळणी पॉलिथिलीनची, त्यामुळे एखादा बुडाला असता तर वाद तिथेच मिटला असता. तसे झाले नाही.

मग व्हर्निअर, म्हणजे बारीक मापे घेण्याचे जबड्यांचे साधन, काढला. मऊ प्लास्टिकवर त्याचे जबडे जरा दाबले तरी माप खोटे येते, म्हणून मी हाताचा भार न देता प्रत्येक माप पुन्हा पुन्हा घेतले. एकूण उंची आणि शेपटीची लांबी मी मुद्दाम टाळली, कारण वर्षानुवर्षे पेटीत पडून राहिलेली शेपटी वाकते आणि पायही कलतात. त्याऐवजी जे सहसा वाकत नाही ते मोजले: कवटीची रुंदी, पावलाची जाडी, आणि सर्वांत उपयोगी, अंगावर असलेल्या नावातील पहिल्या अक्षराच्या कडेपासून शेवटच्या अक्षराच्या कडेपर्यंतचे अंतर. डॉक्टरांचा जुना नग प्रत्येक ठिकाणी लहान निघाला, आणि फरक सगळीकडे जवळपास सारखाच, दोन टक्क्यांच्या आसपास.

हे का महत्त्वाचे आहे ते अण्णांना सांगावे लागले नाही. बिडाचा पॅटर्न बनवताना मीटरला सुमारे दहा मिलिमीटर आकुंचनाची सूट ठेवायची, हे त्यांना नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवले गेले होते. प्लास्टिकचेही तसेच असते. पॉलिथिलीन साच्यात थंड होताना साधारण दीड ते तीन टक्के आकसते, आणि साचा बनवणारा ते गृहीत धरून पोकळी मोठी कापतो. पण ज्याच्याजवळ मूळ साचा नाही तो तयार खेळणेच पॅटर्न म्हणून वापरतो आणि ही सूट त्याच्याकडून राहून जाते, त्यामुळे त्याचा माल मूळ मालापेक्षा तेवढ्याने लहान निघतो. एकाच साच्यातून निघालेल्या दोन नगांतही दाब आणि तापमानामुळे थोडाफार फरक पडतो, परंतु सगळ्या अंगावर सारखाच दोन टक्के फरक त्याने पडत नाही. फोटोचा फोटो काढावा तसे हे असते: माप घटते आणि कडा बोथट होतात.

डॉक्टर गप्प झाले होते. आपला जुना नग नकली ठरतो आहे हे त्यांना मापावरून पटेना, म्हणून मी त्यांना भिंग दिले. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे प्रत्येक नगावर एक बारीक रेघ उमटते, तिला आम्ही पार्टिंग लाइन म्हणतो. पुण्याहून आलेल्या नगावर ती एकच होती. जुन्या नगावर मात्र एक स्पष्ट रेघ मानेच्या बाजूने उतरत होती आणि तिच्याशेजारी दुसरी, पुसट, खवल्यांत बुडालेली रेघ वेगळ्याच वाटेने जात होती. ती मूळ खेळण्याची रेघ. नक्कल करणाऱ्याने खवल्यांबरोबर तीही उचलली होती. पायाजवळ, प्लास्टिक आत शिरते त्या जागी राहिलेला गेटचा व्रणसुद्धा दोन ठिकाणी होता, एक खरा कापलेला आणि एक फक्त आकाराने उतरलेला. हाँगकाँगमध्ये त्या काळी झालेल्या अनेक नकलांवर निदान पोटाखाली शहराचे नाव असे. या नगावर तेही नव्हते.

इथे बहुतेक लोक थांबले असते, पण मला डॉक्टरांना एक गोष्ट नीट सांगायची होती, कारण संग्राहक उत्साहात ती विसरतात. नवा नग मोठा आणि रेखीव आहे, याचा अर्थ तो मूळ पोलादी साच्याच्या वंशातला आहे, एवढाच. तो कोणत्या साली निघाला हे माप सांगत नाही. मार्क्स कंपनी १९८० च्या सुमारास बंद पडली आणि तिचे काही साचे इतरांच्या हाती जाऊन त्यांतून पुन्हा माल निघाला, हे खुद्द डॉक्टरांनीच मला सांगितले होते. पोलाद तेच असेल तर माप तेच येणार. साचा झिजला की कडेला फ्लॅश, म्हणजे साच्याच्या फटीतून बाहेर आलेला प्लास्टिकचा पापुद्रा, जाड येतो. तो या नगावर अगदी पातळ होता, त्यावरून साचा तेव्हा चांगल्या स्थितीत होता एवढे म्हणता आले. रंगाबद्दल मत देण्याचे मी टाळले. उजेडात पडून राहिलेले प्लास्टिक कसेही बदलते आणि रंगावरून साल ठरवणारी माणसे मला नेहमीच जरा जास्त आत्मविश्वासाची वाटतात.

विक्रेत्याने नग "१९५५ चा, पहिल्या खेपेतला" म्हणून पाठवला होता. डॉक्टरांनी आमच्याच ऑफिसमधून त्यांना फोन लावला आणि पावतीवर "मूळ साच्यातील, उत्पादनवर्ष अनिश्चित" असे लिहून देणार असाल तरच घेतो, असे सांगितले. बरीच घासाघीस झाली, किंमत उतरली आणि व्यवहार ठरला. जुना नग फेकून देऊ का, असे त्यांनी अण्णांना विचारले, तेव्हा अण्णा म्हणाले, "ठेवा की. नक्कल ओळखायला शेजारी नक्कल पाहिजेच." डॉक्टरांनी दोन्ही नग पुन्हा कापसात गुंडाळले आणि तपासणीचे बिल मागितले. आमच्या हिशेबनीस ताईंनी बिलबुक उघडून पार्टचे नाव काय लिहू असे विचारले, आणि बराच खल होऊन शेवटी "टायरॅनोसॉरस, २ नग, मापन" अशी नोंद झाली.