जाळीतला पाऊस
पाषाण, पुणे, १४ जुलै

आज संध्याकाळी होमी भाभा रस्त्यावर पावसाने मला अर्धा तास एका आडोशाला उभे केले, आणि जवळच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील ‘अर्क’ महासंगणकात असाच एक पाऊस आकड्यांच्या रूपाने पडत असेल, हा विचार मनातून जाईना.

तत्त्वज्ञ निक बोस्ट्रॉम यांनी २००३ साली मांडलेला युक्तिवाद बरेच दिवस माझा पिच्छा पुरवतो आहे. त्यांच्या मते बहुतेक संस्कृती पुरेशी संगणकशक्ती हाती येण्यापूर्वीच संपतात, किंवा ती येऊनही आपल्या पूर्वजांचे जग संगणकात उभे करण्याच्या वाटेला त्या जात नाहीत, किंवा आपण जवळजवळ निश्चितपणे अशाच एखाद्या जगात राहतो. या तिन्हींपैकी एक तरी खरे असलेच पाहिजे.

हवामानाचे प्रारूप, म्हणजे हवामानाची संगणकातली आकडेमोडीची प्रतिकृती, पृथ्वीवर चौकटींची जाळी टाकते. भारतात २०२५ पासून वापरात आलेल्या प्रारूपात ही चौकट ६ किलोमीटरची आहे, आणि तिच्याहून लहान ढगाचा परिणाम अंदाजानेच धरावा लागतो. आपले विश्व संगणकातले असेल, तर त्यालाही अशी जाळी असेल का? असल्यास अतिउच्च ऊर्जेच्या वैश्विक किरणांच्या, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या कणांच्या, दिशांमध्ये तिच्या अक्षांची खूण उमटू शकेल, असे बीन, दावूदी आणि सॅव्हेज या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१२ साली दाखवले. खूण सापडली नाही तरी जाळी अधिक बारीक असण्याची शक्यता उरतेच. तरीही या प्रश्नाला तपासणीचे एक टोक त्यांनी दिले, याचे मला फार मोल वाटते.

खरी अडचण निराळी आहे. योग्य आकडेमोड झाली की जाणीव सिलिकॉनमध्येही उपजते, हे बोस्ट्रॉम गृहीत धरतात. संगणकातल्या पावसाने कोणी भिजत नाही, हा आक्षेप मला पूर्वी पुरेसा वाटे. पण प्रारूपात मातीच्या ओलाव्याचाही आकडा असतो आणि पावसासरशी तो वाढतो, म्हणजे तिथली माती तिच्यापुरती भिजतेच. त्या ओलाव्याने तिथे कुणाला हुडहुडी भरते का, एवढाच प्रश्न उरतो, आणि केवळ आकड्यांतून ती भरेल हे माझे मन अजून मानत नाही.

माझे चुकत असेल तर? माझ्या वडिलांनी १९७२ च्या दुष्काळात सुकडी खाऊन खडी फोडली. ते वर्ष कुणी जाणत्या माणसांसह संगणकात पुन्हा चालवले, तर ती भूक पुन्हा एकदा खरीच लागेल. एवढी शक्ती मिळवलेल्या कुणालाही हे कळल्यावाचून राहील असे मला वाटत नाही. म्हणून तिन्हींपैकी दुसऱ्या शक्यतेकडे माझा कल आहे.