हील लॉक (टाच जागेवर धरणारा टेपचा वेढा) टिकला!

टेपच्या ज्या कडेने मागच्या नोंदीपर्यंत रडवलं, ती काल आमच्या कबड्डीच्या रेडरच्या डाव्या घोट्यावर वीस-वीस मिनिटांचे दोन्ही हाफ जागची हलली नाही. तेही सोलापूरच्या उन्हाळ्यात, मातीच्या मैदानावर, अनवाणी पायाला.

तक्रार तीच जुनी. अँकर (घोट्याच्या वरचा आधाराचा वेढा) बसतो, स्टरप (टाचेखालून दोन्ही बाजूंना वर जाणाऱ्या पट्ट्या) बसतात, सुरुवातीच्या चढाया झकास. मग टाचेच्या मागे, बरोबर शिरेवर, ईएबीची (ताणली जाणारी चिकट पट्टी, इलॅस्टिक अॅडहेसिव्ह बँडेज) वरची कड गुंडाळायला लागते. गुंडाळत गुंडाळत तिची सुतळी होते आणि शिरेला घासून फोड आणते. घोटा ठीक, गडी फोडाने लंगडतोय!

सगळे घामाला शिव्या घालतात. पण नुसता घाम असता तर पट्टी सगळीकडून सुटली असती, आमची टाचेपाशीच सुटायची. काढताना नीट पाहिलं तर दहा सेंटीमीटरची पट्टी टाचेच्या गोलाईवर सपाट बसलेलीच नव्हती. मधे ताण, कडेला बारीक चुण्या, आणि घाम शिरतो तो त्या चुण्यांतून. त्यात शेवटचं टोकही ताणून चिकटवलं की लवचीक धागा ते मागे खेचतच राहतो.

म्हणजे सहा सेंटीमीटरचा रोल हवा. नव्या पेठेतल्या मेडिकलवाल्यांचं म्हणणं, "सहाची कोण घेत नाही मालक, दहाचीच न्या की." शेवटी मागवून घेतला. दहाची उभी कापायचा विचार असेल तर सोडा. कापलेली कड उसवते, धागे बोटात येतात आणि ताणताना पट्टी तिरकी पळते.

काल असं केलं: पाऊल नव्वद अंशात, पाय धुऊन खडखडीत कोरडा. टाचेभोवती टिंक्चर बेंझॉइनचा पातळ हात, बोटाला चिकट लागेपर्यंत थांबलो. (खरचटलं असेल तिथे हे नको, आग आग होते. काहींना पुरळही येतं, आधी ठिपका लावून बघा.) शिरेवर व्हॅसलीन लावलेला गॉजचा छोटा तुकडा. स्टरप नेहमीप्रमाणे रिजिड (न ताणणाऱ्या) टेपचे, आतून बाहेर वर खेचत, कारण पाऊल आत वळतं आणि तुटतं ते बाहेरचं लिगामेंट. वरून ईएबी अर्ध्या ताणावर. शेवटची चार बोटं अजिबात न ताणता, कोपरे कात्रीने गोल. मग अंगठ्याचं नख दाबून सोडलं, गुलाबी रंग दोनेक सेकंदांत परत आला. नसता आला तर सगळं काढून पुन्हा.

मॅचनंतर गडी म्हणाला, "दादा, कुणीतरी पाय धरल्यागत वाटतंय, पण हलायला अडत नाय." याहून मोठं सर्टिफिकेट नको.

रंगीत कायनेसिओ टेपवाल्यांनी राग मानू नये, पण घोटा आवरायचं ते काम नव्हे. आणि ईएबीचा रोल गाडीच्या डिकीत ठेवणाऱ्यांना दंडवत! उन्हाने गोंद पाघळतो, मग थराला थर सोडत नाही. ताज्या सुजेवर मात्र ईएबी नकोच, तिथे क्रेप. चार पावलंही टाकता येत नसतील तर टेपिंग बाजूला ठेवून आधी एक्स-रे. आमच्या गड्याला फिजिओने खेळायला सोडल्यावरच मी रोल हातात घेतला.

पुढच्या वेळी अंडररॅप (टेपखाली गुंडाळायचा पातळ फोम) घालून बघणार होतो, पण लिहिता लिहिता दुसरंच सुचलं. तळव्याखालचा वेढा मातीने झिजतो. तिथे रिजिड टेपची एक आडवी पट्टी वरून मारली तर झीज ती सोसेल. पूर्ण वेढा मात्र घ्यायचा नाही, वजन पडलं की पाऊल पसरतं आणि आवळतं. अंडररॅप राहू दे, रविवारी आधी हेच.

मातीवर कोणी करून पाहिलंय का? आणि साडेसात सेंटीमीटरचा रोल सोलापुरात कुठे मिळत असेल तर सांगा, सहाचा मोठ्या टाचेला पुरत नाही.