हर्मिटच्या हातातला कंदील

टॅरो या भविष्य पाहण्याच्या पत्त्यांमधला नवव्या क्रमांकाचा ‘द हर्मिट’, म्हणजे एकांतवासी साधू, हा पत्ता समोर आला की बहुतेकांचा चेहरा उतरतो, कारण त्याचा अर्थ ‘एकटेपणा’ असा सांगण्याची सवयच पडून गेली आहे. पत्ता उलटा आला असता माणूस स्वतःला कोंडून घेत आहे असे वाचतात, तेवढ्यापुरता तो अर्थ मला मान्य आहे. सुलट पत्त्याबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे.

१९०९ साली लंडनमध्ये प्रकाशित झालेल्या, आज सर्वपरिचित असलेल्या संचात पामेला कोलमन स्मिथ यांनी बर्फाळ शिखरावर उभा असलेला, करड्या झग्यातला एक वृद्ध रेखाटला आहे. त्याच्या डाव्या हातात उंच काठी आहे, उजव्या हातात कंदील आहे आणि कंदिलात सहा टोकांचा तारा तेवतो आहे. हा माणूस चढण चढत नाही, तो वर पोहोचलेला आहे. मग त्याने दिवा समोर धरला आहे तो कोणासाठी? या संचाची कल्पना मांडणारे आर्थर एडवर्ड वेट यांनी त्या कंदिलाचा आशय ‘मी जिथे आहे, तिथे तूही असू शकतोस’ असा सांगितला आहे.

पंधराव्या शतकातील मिलानच्या विस्कोंती-स्फोर्झा संचात याच वृद्धाच्या हाती वाळूचे घड्याळ होते आणि तो काळाचे प्रतीक होता. पुढे फ्रान्समधल्या मार्सेय पद्धतीच्या पत्त्यांत घड्याळाच्या जागी कंदील आला. सरता वेळ मोजणारा म्हातारा उजेड दाखवणारा झाला, हे मला फार हृद्य वाटते.

ठाण्याच्या नौपाड्यातील आमच्या जुन्या इमारतीत जिन्यातला दिवा गेला की मी शेवटच्या गाडीने परतेपर्यंत बाबा दुसऱ्या मजल्यावरच्या कठड्याशी बॅटरी घेऊन उभे राहत. स्वतः अंधारात असत आणि उजेड माझ्या पायांपुढच्या पायऱ्यांवर पाडत. ‘सावकाश ये, तिसरी पायरी फुटली आहे,’ एवढेच बोलत.

बाबा गेले त्या वर्षीच्या श्रावणात उपवन तलावाजवळ राहणाऱ्या मैत्रिणीने माझ्यासाठी पत्ते मांडले, त्यात हर्मिट आला. ‘आता तुला एकटीने राहायला शिकावे लागेल,’ असे ती हळुवारपणे म्हणाली. मी बराच वेळ त्या वृद्धाच्या उजव्या हाताकडे पाहत राहिले. कोपर किंचित वाकलेले होते, बाबा बॅटरी धरत तसे.