जुन्या फोर्कचे बुश आणि भोसरीचा लेथ

गेल्या पावसाळ्याआधी पुण्यातल्या वेताळ टेकडीवरून सायकलनं उतरताना पुढचा ब्रेक दाबला की हँडलमध्ये टक् असं काहीतरी जाणवायचं. मला वाटलं हेडसेट (हँडल फिरतं तिथलं बेअरिंग) सैल झालाय, म्हणून दोनदा घट्ट केला, तरी टक् आहेच. मग नीट तपासलं. पुढचा ब्रेक दाबून धरायचा, सायकल मागेपुढे हलवायची आणि दुसऱ्या हाताची बोटं आधी हेडसेटच्या खालच्या कपापाशी ठेवायची, मग स्टँशन, म्हणजे फोर्कची वरची नळी, जिथे खालच्या नळीत शिरतो तिथे. माझ्या बोटांना वर काहीच लागलं नाही, खाली मात्र नळीत नळी डुगडुगत होती. म्हणजे फोर्कचे बुश, नळीत नळी सरकते तिथल्या आतल्या कड्या, गेले.

सायकल माझ्या मामेभावाची. कोलोरॅडोत शिकायला होता तेव्हा ९८ साली घेतलेली, परत येताना खोक्यात घालून आणली आणि नंतर माझ्याकडे आली. २६ इंची चाकं, रिम ब्रेक, सरळ स्टिअरर (फोर्कची फ्रेममधून हँडलपर्यंत जाणारी नळी), आणि फोर्कला प्रवास, म्हणजे दबण्याचं अंतर, फक्त ६३ मिमी. एका दुकानात दाखवली तर म्हणाले नवा फोर्क टाका, हा सोडून द्या. आता नवा टाकायचा म्हणजे काय ते बघा. हल्लीचे चांगले फोर्क २७.५ किंवा २९ चाकाचे, स्टिअरर खाली जाड होत जाणारा, आणि रिम ब्रेक लावायला खुंट्याच नाहीत. समजा १०० मिमी प्रवासाचा कुठेतरी जुना मिळाला तरी पुढची बाजू उचलली जाते, फोर्क साधारण २० मिमी लांब झाला की हेड अँगल (फ्रेमच्या पुढच्या नळीचा कोन) एखादा अंश मागे झुकतो, आणि या फ्रेमची ती चपळ वळण्याची सगळी मजा जाते. ही फ्रेम या फोर्कसाठीच आखलेली आहे. त्यामुळे मी ठरवलं की हाच दुरुस्त करायचा.

आणि खरं सांगू का, या काळातल्या फोर्कबद्दल मला मनापासून प्रेम आहे. मोटोक्रॉसमधून आलेल्या पॉल टर्नरनं रॉकशॉक्स ही फोर्क कंपनी सुरू केली, डग ब्रॅडबरी मॅनिटू नावानं, आत इलास्टोमर (स्प्रिंगऐवजी रबरासारखे ठोकळे) घालून, फोर्क बनवत होता, १९९० मध्ये त्याच कोलोरॅडोतल्या दुरँगोला माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि ग्रेग हर्बोल्डनं रॉकशॉक्स लावून डाउनहिल, म्हणजे उतारावरची शर्यत, जिंकली. तेव्हा माउंटन बाइकला सस्पेन्शन हवंच कशाला असं म्हणणारे भरपूर होते, दहा वर्षांत तो प्रश्न कोणी विचारेनासं झालं. माझा फोर्क त्याच दहा वर्षांतला.

बरं, आता उघडण्याबद्दल. खालचे दोन बोल्ट काढले, स्टँशनवरचा रबरी भाता वर सरकवला आणि समोर जे दिसलं त्यानं पोटात गोळा आला. भात्याच्या आत मुरमाची बारीक धूळ आणि जुनं ग्रीस यांची तपकिरी पेस्ट साचलेली. ही पेस्ट म्हणजे पॉलिश पेपरच, प्रत्येक खड्ड्याला बुश आणि स्टँशन दोन्ही घासत राहते. भाता आहे म्हणून आपण निर्धास्त असतो, पण आत गेलेली घाण भाता बाहेरही पडू देत नाही. ज्यांच्या जुन्या फोर्कला भाते आहेत त्यांनी आजच वर करून बघा.

खालच्या प्रत्येक नळीत दोन बुश असतात, एक वर एक खाली, म्हणजे एकूण चार. पातळ पत्र्याची गुंडाळलेली कडी, त्यावर कांस्याचा थर, आणि आतल्या तोंडाला टेफ्लॉन. टेफ्लॉन आहे तोवर पृष्ठभाग करडा मऊसर दिसतो. माझ्या वरच्या दोन्ही बुशांत अर्ध्या भागाला पिवळं चमकत होतं, म्हणजे टेफ्लॉन संपून कांस्य उघडं पडलेलं. असं झाल्यावर चालवत राहिलं की पुढचा नंबर स्टँशनच्या ॲनोडायझिंगचा, म्हणजे वरच्या कडक थराचा, आणि ते गेलं तर घरी काहीच करता येत नाही. स्टँशन मायक्रोमीटरवर २८.०० भरला, बुश आतून २८.३ च्या वर. नव्यात ही फट ०.१ च्या आत असते.

मला वाटलं २८ चे बुश बाजारात मिळतील. नाना पेठेत दोन तास फिरलो. मिळतात, पण २८ चा रेडिमेड बुश बाहेरून ३२ असतो, जाडी २ मिमी. फोर्कच्या नळीचं भोक ३० चं, म्हणजे जाडी फक्त १ मिमी हवी. तो नाद सोडला आणि भोसरीत ओळखीच्या एका लेथवाल्या काकांकडे गेलो.

काकांना मी नायलॉनबद्दल विचारलं, त्यांनी सरळ नाही म्हटलं. नायलॉन पाणी पितो, पावसाळ्यात फुगला की स्टँशन आवळून धरेल. डेलरिन (एक कडक प्लास्टिक) घे, म्हणाले, पाणी जवळजवळ पीत नाही आणि चकाचक कापला जातो. पांढऱ्या गजाचा तुकडा चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, धरला, आधी आतून बोअर केला, मग बाहेरून, आणि चक न सोडता तिथेच कापून वेगळा केला. एवढी पातळ कडी परत चकमध्ये धरली तर जबड्यांच्या दाबानं तिकोनी होते, म्हणून सगळं एकाच पकडीत. टूलवरून पांढऱ्या लांबच लांब शेवया सुटत होत्या आणि काका अधूनमधून त्या ब्रशनं बाजूला सारत होते.

मी सांगितलेलं माप आतून २८.०६, बाहेरून ३०.१०, म्हणजे नळीत घट्ट बसेल. काका म्हणाले, "अरे, दाबून बसवलास की आतून मिटेल ना तो." मी म्हटलं काका आहे तेवढंच करा. घरी येऊन एक बसवला आणि स्टँशन आत जाईचना. बाहेरून ०.१० दाबला गेला तो सगळा आतल्या मापातून वजा झाला, २७.९६ राहिलं. दुसऱ्या दिवशी परत भोसरी, या वेळी आतून २८.१६ करून घेतलं. बसवल्यावर बरोबर २८.०६. मला काही न ऐकवता काकांनी चार अधिक दोन जास्तीचे बनवून दिले, सगळ्याचे सहाशे रुपये.

बसवताना एक युक्ती फार उपयोगी पडली. डेलरिन थंडीनं भरपूर आकसतो, रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला की ३० च्या मापात ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक पडतो. आणि खालच्या नळ्या मॅग्नेशिअमच्या, त्या उकळत्या पाण्यात धरल्या की भोक साधारण ०.०५ नं मोठं होतं. दोन्ही एकदम केलं, नळी पटकन पुसून कोरडी केली, आणि बुश जवळपास हातानंच सरकला. मॅग्नेशिअमला ज्योत मात्र कधीही दाखवू नका, गॅस नाही, ब्लो टॉर्च तर नाहीच. जुने काढायला थ्रेडेड रॉड आणि एका बाजूनं कापलेला जाड वॉशर वापरला, तो तिरका करून आत सोडायचा आणि बुशच्या खाली आडवा करायचा. खालचे दोन खूप खोल असतात, तिथे घाई केली तर नळीला आतून ओरखडा जातो.

स्टँशनला दोन बोटं रुंद भाग घासून चंदेरी झाला होता. माझ्या फोर्कचा क्राउन (दोन्ही स्टँशन वर धरणारा भाग) बोल्टनं आवळायचा आहे, प्रेसफिट म्हणजे दाबून बसवलेला नाही, म्हणून बोल्ट सैल करून दोन्ही स्टँशन पाव वळसा फिरवले, आता जिथे जोर येतो तिथे न घासलेली बाजू आली. मग क्राउनचे बोल्ट टॉर्क रेंचनं. प्रेसफिट क्राउन कुरकुरत असेल किंवा ब्रेक आर्चला (खालच्या दोन नळ्या जोडणाऱ्या कमानीला) बारीक तडा दिसला तर मात्र दुरुस्ती नको, तो फोर्क भंगारातच. तोंडावर पडण्याएवढी कुठलीच जुनी वस्तू मोलाची नाही.

इलास्टोमरचं सांगायचं राहिलं. ते पॉलियुरेथेनचे, हवेतला ओलावा वर्षानुवर्षं त्यांना आतून तोडतो. माझ्यातले वरून बरे दिसत होते, बोटानं दाबले तर काकवीसारखे चिकट झालेले. ते काढून फोर्कच्या दोन्ही पायांत स्टीलच्या स्प्रिंग घातल्या, माझ्या वजनावर हिशोब करून ३.५ मिमी तारेच्या, ३५ वेढ्यांच्या, बाहेरून २०.५ मिमी. स्प्रिंगवाल्यानं ४ मिमी तार सुचवली होती पण कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो, अर्धा मिमी म्हणजे ७० टक्के जास्त कडक, हलणारच नाही. आणि हे जमलं कारण एका पायात तेलाचं डँपर (उसळी रोखणारा भाग) अजून शाबूत आहे, नुसती स्प्रिंग असती तर सायकल उड्याच मारत बसली असती.

जोडताना सिलिकॉन ग्रीस, खालचे बोल्ट ७ न्यूटन मीटरच्या आसपास. बुश बरोबर बसलेत का ते बघायची साधी खूण: स्प्रिंग न घालता फोर्क उभा धरला तर खालच्या नळ्या आपल्याच वजनानं हळूहळू सरकत खाली यायला हव्यात. माझ्या आल्या. एकदम धपकन नाही, आणि मध्ये कुठे अडकल्याही नाहीत.

टेकडीवरून पहिल्यांदा उतरलो तेव्हा खालच्या वळणावर मुद्दाम जोरात पुढचा ब्रेक दाबला. टक् गेलेलं. तीन महिने चालवून, अख्खा पाऊस खाऊन परत उघडला तेव्हा वरचा बुश २८.०८ भरला. भाते आता काढून टाकलेत, त्याऐवजी दर राइडनंतर स्टँशन फडक्यानं पुसतो, आणि उरलेले दोन बुश पुडीत घालून वर मापं लिहून टूलबॉक्समध्ये ठेवलेत.